गाठ म्हणायचं नाही

आमच्या सरांनी एका लग्नात, भर स्टेजवर, नवरदेवाला विचारलं होतं, "कुठल्या कुशीवर झोपतोस?"

लग्न आमच्या पुढच्या वर्गातल्या एका मुलीचं होतं. शुभेच्छा देऊन झाल्या, फोटोसाठी सगळे पुढे बघायला लागले, आणि सर नवरदेवाकडे वळून तपासणीच्या टेबलाशी विचारावं तसं गंभीरपणे हे विचारते झाले. नवरदेव आधी लाजला, मग नवरीकडे बघायला लागला. नवरी सरांचीच विद्यार्थिनी. तिने हळूच सांगितलं, "उत्तर द्या, नाहीतर ते खाली उतरणार नाहीत." त्याने कसंबसं "दोन्ही" म्हटलं. "दोन्हीवर झोप लागते? मग ठीक," असं म्हणून सर जेवायला गेले.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. चहावाल्याला, लिफ्टमध्ये भेटलेल्या विश्वस्तांना, आणि मी पहिल्यांदा एको रूमच्या दारात उभी राहिले तेव्हा मलाही. मी नाव सांगायला तोंड उघडलं होतं.

"नाव राहू दे. गाव कुठलं?"

"निफाडजवळ, सर."

"कुठल्या कुशीवर झोपतेस?"

"डाव्या."

"बरं. निफाड, आत ये. दार लाव, उजेड येतोय."

तेव्हापासून मी निफाड. माझ्याबरोबरचा मुलगा सटाणा. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. एकदा सटाणाला दोन दिवस ताप होता, तर त्यांनी मला विचारलं, "सटाण्याला पाऊस आहे का?" मला खरंच कळलं नाही की ते कशाबद्दल विचारतायत.

मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली. आमची थोडी द्राक्षबाग आहे. मी नाशिकला एका रुग्णालयाच्या कॉलेजात हृदयाच्या तपासण्या करायला शिकते हे आई-दादांना पटलं होतं, पण मी नक्की काय करते ते त्यांना कोणाला समजावता येत नव्हतं. हृदयाच्या सोनोग्राफीला सगळे एको म्हणतात. आईला तो शब्द आवडायचा नाही. ती सांगायची, "पोरगी काळजाचे फोटो काढती." त्यावर आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मला आधार कार्डासाठी फोटो काढून देशील का म्हणून विचारलं होतं. मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "बरोबर सांगते तुझी आई. फक्त आपल्याकडे कोणी 'स्माइल' म्हणत नाही."

सरांच्या खोलीत शेल्फवर पोळ्यांचा एक हॉटपॉट होता, स्टीलचा, झाकणावर फुलं असलेला. नवीन आलेला प्रत्येक विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत तो एकदा तरी उघडायचा. आत गरम पाणी आणि त्यात जेलीची बाटली. एको करताना छातीवर जी जेली लावतात ती थंडगार असते, आणि थंड लागली की माणूस अंग आखडतो. "पहिल्याच स्पर्शाला दचकवलं तर तो पुढचं काय सांगणार तुम्हाला?" असं सर म्हणायचे. रोज सकाळी कँटीनमधून गरम पाणी आणायचं काम ते स्वतः करायचे. हृदयरोगाचे डॉक्टर, साठी उलटलेले, हातात हॉटपॉट घेऊन जिना चढताना दिसले की नवीन पेशंटांना वाटायचं, साहेबांचा डबा आला.

त्यांनी आम्हाला पहिले कितीतरी महिने काहीही रोग दाखवला नाही. फक्त निरोगी हृदयं. ऑपरेशनआधीची नेहमीची तपासणी असेल, नोकरीची मेडिकल असेल, तेच बघत बसायचं. सटाणा कंटाळला. म्हणाला, "सर, आजार कधी शिकणार?"

"घरातली माणसं ओळखता येत नसली की दारात दिसणारा प्रत्येक जण चोर वाटतो," सर म्हणाले. "आधी घरचे ओळख."

हृदयात जे दिसेल त्याचे सरांनी तीन प्रकार केले होते. घरचा, पाहुणा आणि भाडेकरू. घरचा म्हणजे जन्मापासून तिथेच असलेला एखादा पडदा, एखादा स्नायूचा पट्टा, जो बघणाऱ्याला उगाच भलतंच काही वाटू शकतो. पाहुणा म्हणजे रक्ताची गुठळी, जी औषधाने बहुतेक वेळा विरघळून जाते. आणि भाडेकरू म्हणजे ट्यूमर. तो हृदयात फार क्वचित सापडतो. सर म्हणायचे, आयुष्यभर हे काम केलं तरी थोडेच भेटतील, म्हणूनच भेटला की ओळखता आला पाहिजे, आणि भेटला नसताना भेटला असं वाटता कामा नये. यातलं दुसरं जास्त अवघड.

नाशिक रोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका एकदा घाबरेघुबरे होऊन आले. बाहेरच्या तपासणीत त्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूला काहीतरी लांबट, फडफडणारं दिसलं होतं आणि 'पुढील तपासणी करावी' असं लिहून आलं होतं. बरोबर दोन मुलगे, दोन सुना. सरांनी काकांना इकडे वळवलं, तिकडे वळवलं, श्वास रोखायला लावला, सोडायला लावला, आणि मग सगळ्या कुटुंबाला स्क्रीनसमोर उभं केलं.

"हा घरचाच आहे. तुम्ही आईच्या पोटात होता तेव्हा याला काम होतं, रक्ताला वाट दाखवायचं. तुम्ही जन्मलात आणि हा निवृत्त झाला."

"मग आता काय करतो तिथे?" काकांनी विचारलं.

"तुम्ही काय करता?"

"काही नाही. पेन्शन आहे."

"तोही तेच करतो."

मला सरांपुढे बोलायची फार भीती वाटायची. माझं प्रत्येक वाक्य 'मला वाटतं' पासून सुरू व्हायचं. वर्गात याबद्दल बाकीचे शिक्षक रागवायचे. सर रागवले नाहीत. म्हणाले, "'वाटतं' चांगला शब्द आहे. पण कुठल्या खिडकीतून वाटतं ते सांगत जा." एकोमध्ये फासळ्यांच्या मधून, पोटाच्या वरून, गळ्याच्या खालून अशा वेगवेगळ्या जागांवरून हृदय बघतात. त्या जागांना खिडक्या म्हणतात. एका खिडकीतून दिसलं त्यावर सर कधी विश्वास ठेवायचे नाहीत. सगळ्या खिडक्या झाल्या की गरज असेल तर अन्ननलिकेतून दुर्बीण घालून मागून बघायचं, आणि तरीही गुठळी की ट्यूमर हे कळलं नाही तर एमआरआय. एमआरआयवाल्यांकडे ते स्वतः जाऊन उभे राहायचे. आत जाताना घड्याळ, पेन, चाव्या सगळं काढून ठेवावं लागतं, आणि ते दर वेळी तिथेच विसरायचे. आम्ही परत जाऊन आणायचो.

पण त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट एका शब्दाचा होता. त्यांच्या खोलीत 'गाठ' म्हणायचं नाही.

"हा शब्द कानात गेला की माणसाला पुढचं ऐकू येत नाही. मग तुम्ही कितीही चांगलं बोला."

"मग काय म्हणायचं, सर?"

"दिसतंय ते म्हणायचं. कुठे आहे, केवढं आहे, कशाला धरून आहे, हलतंय का."

हा नियम इतका कडक होता की एकदा सटाणा पेशंटच्या गाऊनशी झटापट करत म्हणाला, "सर, नॉटची गाठ सुटत नाही." तो मराठी शब्द म्हणताना पकडलं जाऊ नये म्हणून त्याने आधी इंग्रजी शब्द वापरला आणि मागोमाग मराठीही येऊन गेला. सरांनी नुसतं बघितलं. सटाणाने घाईघाईने सुधारलं, "म्हणजे नाडी सापडत नाही." त्यावर टेबलावरचे पेशंट ताडकन उठून बसले. "नाडी सापडत नाही म्हणजे? मी जिवंत आहे ना?"

मी सरांना पोट धरून हसताना तेव्हाच पाहिलं.

सुनंदाताई आल्या तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. घोटीच्या पुढे थोडं आत त्यांचं गाव. भाताची शेती. वय चाळिशीच्या अलीकडचं. आवणीला, रोपं लावताना वाकलं की डोळ्यापुढे अंधारी यायची, चिखलातच बसून घ्यावं लागायचं. आधी अशक्तपणा म्हणून औषध झालं, मग दमा म्हणून. बरोबर नवरा होता.

एकोसाठी पेशंटला डाव्या कुशीवर झोपवतात. हृदय तसं छातीच्या भिंतीजवळ येतं, चित्र स्वच्छ दिसतं. मी त्यांना वळायला सांगितलं. त्या वळल्या आणि लगेच परत उताण्या झाल्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. मला वाटलं संकोच वाटतोय. सरांनी मला हाताने थांबवलं.

"कुठल्या कुशीवर झोपता तुम्ही?"

ताई नवऱ्याकडे बघायला लागल्या. नवरा म्हणाला, "डॉक्टर, दम लागतो तिला. वाकलं का चक्कर येती."

"ते कागदावर आहे. मी झोपेचं विचारतोय."

"उजव्या," ताई म्हणाल्या. "डावीकडं वळलं का छातीत कायतरी येऊन बसतं. उजवीकडं झालं का उठून जातं."

"कोणाला सांगितलं होतं हे?"

"हे काय सांगायचं असतंय?"

सरांनी हॉटपॉट उघडला, बाटली काढली, आणि त्यांना उजव्या कुशीवरच राहू देऊन, स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, अवघडून वाकून तपासायला सुरुवात केली.

स्क्रीनवर जे दिसलं ते मी त्याआधी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. डाव्या वरच्या कप्प्यात काहीतरी मऊ, करड्या रंगाचं. दर ठोक्याला ते झडपेच्या दारातून खाली उतरायचं आणि परत वर जायचं. शाळेच्या फाटकाला लोंबकळून झुलणाऱ्या पोरासारखं.

"काय दिसतंय, निफाड?"

"मला वाटतं, सर..."

"कुठल्या खिडकीतून?"

"चारही कप्पे दिसतात त्या. दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीला देठ आहे. त्या देठाला ते लटकलंय. घड लटकतो तसं."

"देठ," सर म्हणाले. नुसतं तेवढंच. मग बाकीच्या खिडक्या झाल्या, दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली, एमआरआय झाला. बाहेर बोळात सर आम्हाला म्हणाले, "भाडेकरू आहे. आणि दारातच बसलाय. याला नोटीस द्यायला वेळ नाही." डावीकडे वळलं की तो झडपेत जास्त घुसायचा, म्हणून ताईंना तसं झोपता येत नव्हतं. एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होऊ शकत होता. लवकरात लवकर ऑपरेशन करायचं ठरलं.

सर त्या दोघांशी नीट बोलले होते. पण संध्याकाळी ताईंचा दीर आला. बारावी झालेला, हुशार मुलगा. त्याने रिपोर्टवरचा इंग्रजी शब्द मोबाइलवर शोधला आणि मराठीत जे आलं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सकाळी मी वॉर्डात गेले तर खाट रिकामी. "घरी विचार करून येतो" म्हणून सही करून गेले होते.

सरांनी ते ऐकलं आणि ते बराच वेळ हॉटपॉटचं झाकण लावत-उघडत बसले.

"विचार करून येतो म्हणणाऱ्याचा विचार झालेला असतो," ते म्हणाले. फोन लागत नव्हता. दुपारी त्यांनी विचारलं, "निफाड, रविवारी काय करतेस? मी बोललो की लोक माझ्याकडे बघत बसतात. तू बरोबर चल."

आम्ही महामार्ग स्टँडवरून एसटीने गेलो. सरांनी कंडक्टरला विचारलंच. तो म्हणाला, "साहेब, ड्यूटी अशी लागती का बसूनच झोपतो." सरांना काळजी वाटली. त्यांनी त्याला एकदा तपासून जा म्हणून सांगितलं आणि मग दोन स्टॉप त्याला समजावत उभेच राहिले.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. ताईंच्या घरासमोर दुधीचा मांडव होता आणि एक चांगली हातभर दुधी बरोबर दारासमोर लोंबत होती. सरांचं डोकं तिच्यावर आपटलं. चष्मा पडला. तो शोधण्यात सगळ्यांची ओळख झाली. नवरा होता, दीर होता, आणि ताईंच्या सासूबाई. ताई चुलीपाशी होत्या. मला बघून त्या थोडं हसल्या.

दीर म्हणाला, "सर, तुम्ही एवढ्या लांब आलात, पण आमचं ठरलंय. आयुर्वेदिक चालू करतोय."

सर काही बोलायच्या आत आजी बोलल्या. "माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीत गाठ व्हती. तिला सुरी लावली अन् पसरली. वरीस नाय काढलं तिनं. गाठ असंल तशी असू द्यावी, डिवचू नाय."

मला वाटलं आता सर सांगतील की तसं नसतं. मला स्वतःलाच सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. आमच्या गावातही सगळे हेच म्हणतात. माझी आईसुद्धा.

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?"

"म्या? कशीबी. म्हातारीला काय."

"आणि सूनबाई?"

आजींनी चुलीकडे एकदा बघितलं.

"ती आडवी व्हतच नाय आता. आधी एका कुशीला तरी झोपायची. आता भितीला टेकून बसून ऱ्हाती. मला जाग आली का बघते, बसलेलीच. मंग मी बी बसते जराशी तिच्यासंगट."

"तुम्ही झोपा म्हणते मी," ताई आतून म्हणाल्या, "ऐकत नाहीत."

सर उठले आणि दारात गेले.

"जरा इकडे या सगळे. ही दुधी मला का लागली?"

"दारातच लोंबती ना," दीर म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"वारा आला की?"

"हलती. दार लावायचं म्हटलं का मधी येती."

"वेलीला कुठे धरून आहे?"

"देठाला."

"का सगळ्या वेलीत पसरलीय?"

"दुधी कशी पसरंल, डॉक्टर," आजी म्हणाल्या.

"काढायची झाली तर?"

"देठ कापायचा. वेलीला धक्का लावायचा नाय."

"दुधीला अगदी चिकटून कापता?"

"वायंच देठ राखून."

"आजी, आमचे सर्जनही तसंच करणार. देठ जिथून निघालाय तेवढी भिंत बरोबर घेऊन काढणार आणि तिथे ठिगळ लावणार. यांच्या आत आहे ते पसरलेलं नाही, लटकलेलं आहे. मी चारी बाजूंनी बघितलंय. यांनीही बघितलंय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. मी मान हलवली.

दीर आता हसत नव्हता. "कॅन्सर नाही असं लिहून द्याल, सर?"

"नाही. बाहेर काढून तपासल्याशिवाय कोणीही तसं लिहून देऊ नये. दिसण्यावरून तसं वाटत नाही, एवढंच म्हणतो. ऑपरेशनलाही धोका आहे, तो सर्जन सांगतील. पण तिथे ठेवण्यात काय धोका आहे तो मला माहीत आहे, आणि तो मोठा आहे."

नवरा आईकडे बघत होता, दीर मोबाइलकडे. तेव्हा ताई बाहेर आल्या. हाताला राख लागलेली तशीच.

"मला कुणी इचारलंच नाय अजून," त्या म्हणाल्या. "मला आडवं होऊन झोपायचंय."

आजींनी आतून विळा आणला. ती दुधी कापली, देठ राखून, आणि सरांच्या हातात दिली. निघताना म्हणाल्या, "बरं झालं बाबा, तुमची गाठ पडली."

मी सरांकडे पाहिलं. एसटीत दुधी मांडीवर घेऊन बसल्यावर, बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "हा अर्थ चालतो."

ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या तपासणीत कॅन्सर नव्हता. पण असा ट्यूमर क्वचित पुन्हा उगवू शकतो, म्हणून ठरलेल्या वेळी एको करत राहावं लागतं. पहिल्या वेळी ताई आल्या तेव्हा आजीही आल्या होत्या आणि खुर्चीवर न बसता खाली बसल्या होत्या. सरांनी प्रोब, छातीवर फिरवायचं ते यंत्र, माझ्या हातात दिला. कप्पा रिकामा होता. मला फार बरं वाटलं. आणि मग मधल्या भिंतीवर, बरोबर त्याच जागी, एक चमकणारा ठिपका दिसला.

"सर," मी म्हणाले. "भिंतीवर काहीतरी आहे. लहान. हलत नाही." ताई स्क्रीनकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

सरांनी प्रोब घेतला. सगळ्या खिडक्यांतून सावकाश बघितलं. मग मोठ्याने म्हणाले, "गाठ आहे."

मी त्यांच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता. आजी उठून उभ्या राहिल्या.

"आजी, ठिगळ शिवून झालं की शेवटी काय मारता?"

आजींना कळायला थोडा वेळ लागला. "गाठ."

"तीच ही. सर्जनच्या दोऱ्याची. या खोलीत एवढी एकच गाठ चालते. ही सुटता कामा नये."

"मेल्या, जीव घेतला असतास माझा," आजी म्हणाल्या आणि खाली बसल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टरला असं कोणी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. सरांना ते इतकं आवडलं की दिवसभर त्यांनी आम्हाला दोघांना मेल्या आणि मेले अशी हाक मारली.

सगळेच भाडेकरू काढावे लागतात असं नाही, हेही मला सरांकडेच कळलं. एका लहान बाळाच्या हृदयात जन्मतःच दोन-तीन ट्यूमर होते. त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडेही पाठवलं होतं, कारण अशा बाळांना झटके येऊ शकतात. पण हृदयाचं सर फक्त बघत राहिले. दर खेपेला मोजायचे आणि आईला सांगायचे, "सामान बांधायला लागलेत." पुढच्या खेपेला, "एक खोली रिकामी झाली." ती आई शेवटी स्वतःच येता येता विचारायची, "डॉक्टर, टेम्पो आला का?"

सरांचा खांदा पार गेला. इतकी वर्षं अवघडून वाकून प्रोब धरल्याने. ते निवृत्त होऊन नाशिक रोडला बहिणीकडे राहतात. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी प्रमुख पाहुण्यांना विचारलं, कुठल्या कुशीवर झोपता. पाहुणे म्हणाले, पालथा. सरांना त्यावर काय म्हणावं ते सुचलं नाही. हॉटपॉट ते शेल्फवर तसाच ठेवून गेले.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे, त्याच खोलीत इंटर्न. सरांच्या जागी एक मॅडम आहेत, चांगल्या आहेत. सकाळी कँटीनमधून गरम पाणी मी आणते.

नवरात्र संपता संपता सुनंदाताई आल्या. त्यांच्या तपासणीला अजून अवकाश होता. शेतात चक्कर आली होती, वाकल्यावर, पहिल्यासारखीच. चेहरा उतरलेला. आजी बरोबर होत्या, त्या आल्या आल्या खाली बसल्या. मॅडम म्हणाल्या, "तू सुरू कर, मी येते."

मी बाटली हॉटपॉटमधून काढली. माझे हात गार पडले होते म्हणून आधी तेच पाण्यात धरले. ताई टेबलावर वळून झोपल्या. मी खिडक्या एकामागून एक घेतल्या. घाईत एकही सोडायची नाही असं मनात म्हणत होते. कप्पा रिकामा होता. झडप मोकळी उघडत होती. मधल्या भिंतीवर चमकणारा ठिपका होता. मी तो जुन्या चित्रांशी लावून पाहिला. मोठा झाला नव्हता. मला वाटलं, सगळं ठीक आहे, आणि या वेळी कुठल्या खिडकीतून वाटलं ते मला सांगता आलं असतं. पण सांगायचा अधिकार माझा नव्हता, म्हणून मी मॅडमची वाट पाहिली.

मॅडमनी सगळं पुन्हा स्वतः बघितलं. मग विचारलं, "उपवास होते का?"

"नऊ दिवस," ताई म्हणाल्या. "नुसत्या पाण्यावर."

"बीपी खाली गेलंय. चक्कर त्याची असणार. तरी बाकीच्या तपासण्या करून घेऊ. हृदयात काही नवीन नाही." मॅडम दुसरा पेशंट बघायला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "त्यांना नीट समजावून सांग."

मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते. आजींनीच विचारलं.

"पोरी, काय दिसतंय?"

"गाठ आहे, आजी."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या.

"पक्की आहे. सुटलेली नाही."

आजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. "त्या मेल्याला सांग," त्या म्हणाल्या.

मी मशीनमध्ये मापं भरायला वळले. तेव्हा लक्षात आलं की सरांचा प्रश्न विचारायचाच राहिला. मी ताईंकडे वळले. त्या नऊ दिवसांच्या उपाशी, पहाटेच्या गाडीने आलेल्या, टेबलावर तशाच डाव्या कुशीवर होत्या. एक हात गालाखाली. गाढ झोप लागली होती.

बाहेर पुढच्या पेशंटने दार ढकललं.

"ऱ्हाऊ दे जरा," आजी हळूच म्हणाल्या.

मी जाऊन दार लावून घेतलं. उजेड येत होता.